रुईची अळी आणि पाटलाचा हरभरा

एका गावात एक गुरवीण होती आणि शंभर शहाणे होते. गुरवीण एकटीच होती, शहाणे मात्र घरोघर होते. त्यांनी काय केलं ते सांगायला बसले की आजही माझा संताप होतो, तरी सांगते. मुलांनो, नीट ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण ही चूक मुलं करत नाहीत.

गुरवीण मारुतीच्या देवळात पूजा करायची. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण तिने एक दिवस देवळाचा दिवा चुकवला नाही. दर शनिवारी ती मारुतीच्या गळ्यात रुईच्या एकवीस पानांची माळ घालायची. रुई देवळामागच्या बांधावर होती. साठेक झाडं असतील, तिच्या सासूने लावलेली. जाड, पांढुरकी पानं, जांभळट फुलं, आणि पान खुडलं की पांढरा चीक. तो चीक विषारी, म्हणून गुरंढोरं रुईला तोंड लावत नाहीत.

पण एक अळी लावते. बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती रुईच खाते, रुईवरच वाढते आणि एक दिवस तिचं केशरी फुलपाखरू होतं. चीक खाऊन तिचं अंग कडू झालेलं असतं. पाखरं तिला चोच लावत नाहीत, त्यामुळे ती भरदिवसा पानावर उघडी बसते. कुणाची भीती नाही की लपणं नाही.

गुरवीण माळेसाठी प्रत्येक पान आधी उलटं करून बघायची. खाली अंडं दिसलं तर पान सोडायची. भोक पडलेलं पानही सोडायची. "अखंड पान देवाचं, भोकाचं पान अळीचं," असं तिचं सरळ होतं. देवाची कधी तक्रार आली नाही आणि अळीचीही नाही.

त्या वर्षी पाटलाने नवी टूम काढली. गाव पिढ्यानपिढ्या ज्वारी पिकवत आलेलं. पाटील सासुरवाडीहून हरभऱ्याचं बी घेऊन आला आणि म्हणाला, "यंदा सगळ्यांनी हरभरा पेरायचा." पाटील म्हणाला म्हटल्यावर सगळ्यांनी पेरला. पीकही झकास आलं. फुलं लागली, दाण्यांच्या फुगीर शेंगा, म्हणजे घाटे, धरले, गाव खूश.

आता त्या गावात ज्वारीचा एक जुना नियम होता. कणसात दाणा भरू लागला की पिकात पाऊल टाकायचं नाही, दाण्याला हात लावायचा नाही. नव्याचं पहिलं मारुतीला वाहायचं, मगच आपण शिवायचं. ज्वारीला हे चालून जायचं. ज्वारी डोक्यापेक्षा उंच, कणीस डोळ्यांपुढे, बांधावर उभं राहून सगळं दिसतं. हरभरा गुडघ्याएवढा. त्याचं जे काही घडतं ते खाली, पानाआड. पण एवढा विचार कोण करतो! गावाने ज्वारीचा नियम उचलला आणि जसाच्या तसा हरभऱ्याला लावला. माघी पौर्णिमेला हरभऱ्याचा पहिला टहाळ, म्हणजे घाट्यांसकट हिरवी डहाळी, मारुतीला वाहायचा, तोवर घाट्याला बोट लावायचं नाही. ठरलं.

पौर्णिमा अकरा दिवसांवर आली आणि पाटलाला बांधालगतच्या घाट्यांना भोकं दिसली. गोल, वाटाण्याएवढी. एकाला नाही, दहांना नाही, नजर जाईल तिथवर. पाटलाचं शेत देवळाला लागूनच होतं. त्याने मान वर केली तर समोर रुई, आणि रुईच्या पानावर ती पट्ट्यापट्ट्यांची अळी, आरामात कुरतडत बसलेली.

"सापडला चोर!" पाटील ओरडला.

संध्याकाळपर्यंत आणखी वीस शेतांतून तीच बोंब आली. चावडीवर गाव जमलं. प्रत्येकाचं वर्षाचं पोट त्या घाट्यांत होतं, तेव्हा माणसं घाबरलेली होती हे मी समजू शकते. घाबरलेल्या माणसाला चोर लागतो. पण लागतो म्हणून दिसेल त्याला धरायचं?

गुरविणीला बोलावणं गेलं. ती आली, हात पुसत उभी राहिली.

पाटील म्हणाला, "गुरवीणबाई, तुम्ही अळ्या पाळता."

"पाळत नाही, पाटील. त्या असतात, मी असू देते."

"तेच ते! तुमच्या अळ्यांनी गावाचा हरभरा खाल्ला. उद्या बांधावरची सगळी रुई निघाली पाहिजे, मुळासकट."

गुरवीण आधी हसली. तिला वाटलं, न कळून बोलतायत, सांगितलं की कळेल. भोळी बाई! ती म्हणाली, "अहो, ती अळी रुईवाचून दुसरं काही खात नाही. माझं माहेर काळ्या रानातलं, तिथे हरभराच पिकतो. त्याची अळी निराळी. हिरवी, पानासारखी, दिसतसुद्धा नाही. डोकं घाट्यात खुपसून दाणा खाते. पिकात उतरा, वाका आणि दोन घाटे फोडून बघा. आजच कळलं तर वेचून काढता येईल. माझ्या माहेरी बायका सकाळी पदराच्या ओटीत वेचतात."

"घाटा फोडायचा? देवाला वाहायच्या आधी?" मागून कुणीतरी कडाडलं. "आणि हे गुरविणीने सांगावं!"

"देव रागावला तर माझ्यावर रागावेल. मी फोडते, चला." ती पाटलाच्या शेताकडे वळलीच होती, पण चार जण आडवे झाले. एक म्हणाला, "पीक नासवायला आलीस काय?" उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. ज्या बाईच्या हातचा तीर्थप्रसाद पंधरा वर्षं खाल्ला, तिला असं बोलले.

तेव्हा गुरवीण म्हणाली, "बरं. घाट्याला हात नको ना? पाल्याला तर मनाई नाही. मग परीक्षा करा. बांबूच्या दोन दुरड्या आणा, उपड्या घालू. एकीखाली माझ्या तीन अळ्या आणि हरभऱ्याचा ताजा पाला ठेवा. दुसरीखाली एक अळी आणि रुईचं पान. तीन दिवस. पाल्याचं एक टोक जरी कुरतडलेलं निघालं तरी मी हे गाव सोडून जाईन, देऊळही सोडीन. नाही निघालं, तर रुईला हात लावायचा नाही."

पाटील म्हणाला, "कबूल." गावासमोर म्हणाला, मिशीवर हात ठेवून म्हणाला. हे लक्षात ठेवा.

दुरड्या देवळाच्या ओट्यावर ठेवल्या, वर दगड ठेवले. राखणीला गावचे शास्त्रीबुवा. शिकलेला माणूस, चार लोकांत मान, खोटं बोलणार नाही अशी ख्याती. रोज सकाळी दुरडी उचलून बघायचं, पाला बदलायचा, एवढंच काम.

अळ्या निवडायला गुरवीण बांधावर गेली. तिला माहीत होतं काय होणार ते. त्या तीन अळ्या हरभऱ्याला तोंड लावणार नाहीत, उपाशी मरतील. ती रुईशी बोलल्यासारखं म्हणाली, "तिघींचा जीव मी घेतेय गं, बाकीच्या वाचाव्यात म्हणून." आणि पदराने डोळे पुसून तिने तिघींना उचललं. तिच्या मनाला केवढं लागलं असेल! आणि ते कशासाठी, तर वाकायला तयार नसलेल्या माणसांसाठी.

पहिल्या सकाळी शास्त्रीबुवांनी दुरडी उचलली. पाला जसाच्या तसा. अळ्या पाल्यावरून उतरून दुरडीच्या कडेला सरकलेल्या. दुसऱ्या दुरडीत रुईचं पान अर्धं फस्त. शास्त्रीबुवांनी पाला बदलला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ताजा पाला अख्खा, अळ्या मलूल पडलेल्या, एक हलतही नव्हती. दुसरीकडची अळी पान संपवून टम्म झालेली. आता आंधळ्यालाही कळलं असतं. शास्त्रीबुवा उठले आणि पाटलाकडे गेले. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं, चला, एक तरी माणूस निघाला!

"पाटील, ती अळी हरभरा खात नाही," ते म्हणाले.

पाटलाच्या दारात तेव्हा पन्नास माणसं कुदळी घेऊन उभी होती. रात्रीत आणखी घाटे पोखरले गेले होते. पाटलाने आवाज खाली आणला. "शास्त्रीबुवा, तुम्ही किती हरभरा पेरलाय?"

"मी कुठे पेरतो? मला शेत नाही."

"मग गप्प बसा. ही माणसं मला विचारतायत, पाटील, काय करताय? मी काय सांगू, दुरडीकडे बघत बसलोय?"

आणि शास्त्रीबुवा गप्प बसले. घरी गेले, हातपाय धुतले, पोथी उघडून बसले. खोटं बोलले नाहीत हो! खरंही बोलले नाहीत.

पन्नास माणसं बांधावर आली. गुरवीण रुईपुढे उभी राहिली. "तीन दिवस ठरले होते, पाटील! आज दुसराच आहे. उद्या सकाळपर्यंत तरी थांबा!"

"अळ्या थांबतात काय?" पाटील म्हणाला. दोन बायकांनी तिचे दंड धरून तिला बाजूला नेलं. त्याच बायका दर शनिवारी तिच्याकडून मारुतीचा शेंदूर लेकरांच्या कपाळी लावून घ्यायच्या.

कुदळी चालल्या. झाडं मुळासकट उपटली, ओढून एका जागी टाकली. अळ्या पायाखाली चिरडल्या गेल्या. काही पानांखाली कोश टांगलेले होते, हिरवे, सोनेरी ठिपक्यांचे. एकाने विचारलं, "हे सुंदरसं काय आहे?" दुसरा म्हणाला, "असेल काहीतरी, टाक." आणि ढिगाला आग लावली. पंधरा वर्षं ज्या पानांच्या माळेला हात जोडले, ती पानं जळत होती आणि गाव बघत होतं. एकाच्याही मनात आलं नाही की पुढच्या शनिवारी काय.

मध्येच एक माणूस किंचाळला. रुईचा चीक त्याच्या डोळ्यांत उडाला होता. सगळे लांब सरकले. धावली कोण? गुरवीण. बायकांचे हात झिडकारून ती देवळात गेली, हंडा आणला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तांब्या पाणी डोळ्यांवर सोडत राहिली, त्याची आग शमेपर्यंत. "चोळू नकोस रे," एवढंच म्हणत होती. त्या माणसाने डोळे उघडले, दिसतंय याची खात्री करून घेतली, उठला आणि पुन्हा कुदळ उचलली. मेल्याने एकदा मान वळवून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर दुरड्या उचलल्या. पहिलीत तिन्ही अळ्या मेलेल्या, आणि पाल्याचं एक टोकही कुरतडलेलं नाही. दुसरीत अळी नव्हतीच. शास्त्रीबुवांनी दुरडी उलटी केली तर आतल्या कामट्यांना एक कोश लटकत होता. शास्त्रीबुवा खाली मान घालून म्हणाले, "गुरवीणबाई जिंकल्या."

जिंकल्या! काय जिंकल्या? मागे बांधावर राख होती आणि साठ खड्डे होते. कुणी कुणाकडे बघेना.

पाटलाने घसा खाकरला. "असेल, दुसरी एखादी अळी असेल. पण बांध तरी स्वच्छ झाला."

हे वाक्य त्याने गुरविणीच्या तोंडावर म्हटलं. मी तिथे असते तर हातातली दुरडी त्याच्या डोक्यात घातली असती. गुरविणीने तसं केलं नाही. ती पुढे आली. रडून तिचा आवाज बसला होता, पण शब्द साफ होते. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, पाटील. निदान आता तरी चोर धरा. अजून आठ दिवस आहेत. वाका, एक घाटा फोडा, निम्मं पीक वाचेल."

"पौर्णिमेला," पाटील म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

तीन दिवसांचा शब्द दुसऱ्याच दिवशी मोडणारा माणूस हा! आता याला नियम आठवला.

माघी पौर्णिमा आली. ढोल वाजवत, गुलाल उधळत पाटील हरभऱ्याचा टहाळ घेऊन देवळात आला, मागे सगळं गाव. मारुतीचा गळा मोकळा होता, पण ढोलांच्या दणक्यात तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाटलाने टहाळ गुरविणीपुढे धरला.

तिने हात पुढे केला नाही. "बघितल्याशिवाय मी देवापुढे काही ठेवत नाही. मी पानसुद्धा उलटून बघते. पौर्णिमा आली ना? मग फोडा घाटा, तुमच्याच हाताने."

आता सबब उरली नव्हती. पाटलाने घाटा चिमटीत धरून फोडला. आतून एक हिरवी अळी त्याच्या तळहातावर पडली आणि वळवळू लागली. दाणा नव्हता, नुसतं टरफल. त्याने दुसरा फोडला. पोकळ. तिसऱ्यातही अळी. ढोल थांबले. गाव तिथून जे सुटलं ते थेट शेतांत. पहिल्यांदा माणसं पिकात उतरली, वाकली, पानं बाजूला केली. खाली सगळीकडे त्याच हिरव्या अळ्या. चार घाट्यांतला एक भरलेला, तीन पोकळ. अकरा दिवस त्या खात होत्या, आणि ही माणसं रुईच्या नावाने शिमगा करत होती.

आणि मग काय, सगळ्यांना कंठ फुटला! एक म्हणाला, "मला वाटतच होतं." दुसरा म्हणाला, "मी तर घरात बोललो होतो." शास्त्रीबुवा म्हणाले, "मी पाटलांना दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं." पन्नास जणांनी कुदळ चालवली होती, पण आता विचाराल तर पाटील एकटाच होता.

गुरवीण देवळाच्या पायरीवरून हे ऐकत होती. आजवर तिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"गप्प बसा सगळे! पाटलाने डोळे मिटले आणि तुम्ही हात चालवलेत. आणि शास्त्रीबुवा, तुम्ही उघड्या डोळ्यांनी बघितलंत आणि घरी जाऊन बसलात. पाटलाला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत होतं. जा, आपापल्या शेतात जा, जे उरलंय ते वेचा."

माणसं गेली. त्या आठवड्यात दुरडीतल्या कोशातून एक केशरी फुलपाखरू बाहेर आलं. पंख वाळवून उडालं, बांधावरून दोन-तीनदा खालीवर गेलं. तिथे त्याचं काही नव्हतं. मग ते टेकडीपलीकडे निघून गेलं. त्या गावात नंतर तसलं फुलपाखरू कुणाला दिसलं नाही.

पुढे चैत्र आला. मारुतीचा जन्म दोन दिवसांवर. पाटील एकटाच देवळात आला. पागोटं काढून हातात धरलेलं. वर्षभर गावाला पोट बांधून राहावं लागणार होतं, आणि त्याचा बोल त्याला रोज ऐकावा लागत होता.

"मावशी," तो म्हणाला. गुरवीणबाईची आता मावशी झाली होती. "चुकलो. पदरात घ्या. पण परवा देवाला माळ पाहिजे. जन्माच्या दिवशी मारुतीचा गळा असा मोकळा, बघवत नाही हो. मी सोन्याची पानं घडवून आणतो."

"सोन्याची पानं कपाटात ठेवायची असतात. मारुतीला रुई लागते."

"मग कुठून तरी आणू. रुई काय, कुठेही उगवते."

"उगवते," गुरवीण म्हणाली, "कुणी उपटली नाही तर. पाच कोसांत रुई राहिलीय का, बघून या. तुमचं ऐकून शेजारच्या गावांनीही बांध स्वच्छ केलेत."

पाटलाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "बी आणतो लांबून. मी लावतो, माझ्या हाताने. पाणी घालतो."

"तुम्ही एकट्याने नाही. ज्याने ज्याने कुदळ धरली, त्या प्रत्येकाने एक. ज्यांनी माझे दंड धरले त्यांनीही. शास्त्रीबुवांनी दोन. आणि त्यावर अळी आली तर तिला हात लावायचा नाही."

"कबूल. पण मावशी, माळ होण्याजोगी पानं यायला किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! आणि तोवर मारुतीने काय करायचं?"

"मारुतीला काय करायचंय? करायचंय ते तुम्हाला," ती म्हणाली. "एक घाटा फोडायला किती वेळ लागला असता, पाटील? चिमूटभर. त्या चिमूटभर वेळापायी आता दोन वर्षं रोज सकाळी इथे या, हात जोडा आणि हा मोकळा गळा बघा."

एवढं बोलून तिने खराटा उचलला आणि देऊळ झाडायला लागली. तिने पुन्हा वर बघितलं नाही.

तात्पर्य काय ते मुलांना कळलंच असेल, मोठ्यांसाठी सांगते: जो उघड्यावर बसलाय तोच चोर असं नसतं, आधी वाकून बघा, मग कुदळ उचला. आणि खरं काय ते कळलं असेल तर त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोला. झाडं जळल्यावर तुमच्या खरेपणाची माळ होत नाही.